सेर्वेतेमावशी आणि सगळ्या जिन्याच्या शेगड्या

अल्बेनियात, आमच्या कुचोव्यातल्या इमारतीत विजेचा दाब कळायला यंत्र लागत नसे, चौथ्या मजल्यावरची सेर्वेतेमावशी पुरे होती. तिच्या खोलीत एक उघडा बल्ब लोंबायचा. बोलताना, कॉफी ओतताना बाईची नजर त्याच्यावर. तो लालसर पडला की जिन्यात ओरडायची, "फ्रिजची पिन काढा गं, मोटर जळेल!" पांढरा व्हायला लागला की, "टीव्ही काढा, मेल्यांनो!" माझ्या नवऱ्याने, बार्धिलने, हौसेने मीटर आणला होता. मावशीची हाक मीटरच्या आधी यायची आणि ते त्याला झोंबायचं.

तिची एकुलती एक मिमोझा इटलीत, बारीला. फेब्रुवारीत तिकडे तिचं लग्न झालं आणि मावशीला व्हिसाच मिळाला नाही. चारचौघांत रडली नाही, पण आठ दिवस जिन्यात तिचा आवाज नव्हता. तेवढ्यात माझा मिक्सर जळला.

मग लग्नाची कॅसेट आली. व्हीसीआर उसना मिळाला. तिचा टीव्ही मात्र दोनदा जळलेला. आता जळला तर माझ्याकडे आणू नका, असं मेकॅनिकने सांगून ठेवलेलं.

वीज दुपारी दोन ते चार. मावशीला दाब पुरा मिळावा म्हणून जिन्याने ठरवलं, कोणी काही लावायचं नाही. थंडी मरणाची, तरी वीसच्या वीस घरांनी हीटर, विजेच्या शेगड्या बंद केल्या आणि कोट घालून आम्ही तिच्याकडे दाटीवाटीने बसलो. केवढं मन आमचं, आणि केवढी अक्कल!

पडद्यावर गाडीचं दार उघडलं. पांढऱ्या झग्याचा काठ दिसला, आता मिमोझा उतरणार, इतक्यात मावशीने वर पाहिलं आणि झडप घालून टीव्ही बंद केला. बल्ब चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"दोनशे साठ!" बार्धिल मीटर बघून किंचाळला.

"सगळ्यांनी सगळं काढलं कशाला रे?" मावशीने कपाळावर हात मारला. "आपल्या ट्रान्सफॉर्मरला तुमच्या शेगड्या ओढायची सवय. ओझंच काढलंत तर तो उधळणार नाही? जा, लावा शेगड्या!"

"आणि लग्न?"

"माझ्या मुलीचं आहे, मी बघते! पळा!" मग मला म्हणाली, "तू थांब गं. बल्बकडे बघ. आज मला वर बघायचं नाहीये."

घराघरांतून शेगड्या लागत गेल्या तसा बल्ब हळूहळू पिवळा झाला. मी "लाव" म्हटलं.

तासभर माझी मान वर. नवरी मी पाहिलीच नाही. वाजंत्री ऐकली, हसणं ऐकलं, आणि मावशी. "बारीक झालीय गं." मग, "कोणाला शोधतेय ती? मला?" मग नुसते हुंदके. मीही रडले, वर बघतच.

कॅसेट संपली आणि दार वाजलं. शेगड्या रिकाम्या कशाला जाळायच्या, म्हणून प्रत्येक घरात काहीतरी चढलं होतं. पालक भरून भाजलेला ब्युरेक आला, घेवड्याचं गरम सूप आलं, बार्धिलनेसुद्धा करपलेली अंडी आणली. मावशीने डोळे पुसले, टेबल ओढलं आणि सगळ्यांना दटावून बसवलं.

"तूही बस ना, मावशी," मी म्हटलं.

"वेडी का काय तू? मुलीच्या लग्नात आई पहिल्या पंगतीला बसते का?" ती म्हणाली आणि वाढायला लागली.