मोटारीच्या गाद्यांना करंजेल

लढाईच्या त्या वर्षांत पेट्रोल औषधापुरतंच मिळायचं. तेव्हा रहिमतपूरजवळच्या आमच्या बागायतदार मालकांनी मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि गाडी चालायची. चालायची म्हणजे काय, चढाला एखादी म्हैस आमच्या पुढं निघून जायची आणि वर पोचून रवंथ करत आमची वाट बघायची. मी त्या गाडीचा ड्रायव्हर. भट्टी माझी, राख माझी, आणि नाक शिंकरलं तर त्या रुमालानं शाळेचे चार फळे रंगवून झाले असते.

माण तालुक्यातल्या माझ्या घरी मी वर्षभर गेलो नव्हतो. मधे बायकोला मुलगी झाली. पत्र आलं, ते मी भट्टीशी उभ्या उभ्या वाचलं आणि वाचता वाचता कोळसा टाकला. पोर सहा महिन्यांची झाली तरी मी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. रजा मागितली की मालकांना नेमकं कुठंतरी जायचं असायचं.

एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. "उद्या सांगलीचं पावणं पोरीला बघाय येनार. पोरगा पलटणीत हाय, रजेवर आलाय. त्यांची मोटार पेट्रोलबिगर इटांवर उबी हाय, तवा तू जाऊन आन. पर गाडी आशी पायजे, की आत बघून मानसानं भांग पाडावा."

"व्हय मालक."

"जमलं तर तू आठ दिस घरी जा. मधी कुनी बोलवनार न्हाई."

आठ दिवस! माझी पाठ, जी वर्षभर कमानीसारखी वाकली होती, ती जागच्या जागी सरळ झाली. मग बॉनेट उघडलं आणि पुन्हा वाकली.

आत काय नव्हतं? इंजिन कुठं आहे ते अंदाजानं ओळखावं लागलं. काजळी, तेल आणि धूळ यांचा असा राप बसला होता की पहिला थर मी खुरप्यानं काढला. निघालेल्या कोळशावर रहिमतपूर स्टेशनातली आगगाडी पुण्याला जाऊन परत आली असती. वायरींच्या मागं उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या. त्यातल्या आजोबांनी मला असं बघितलं की मीच पाहुणा. त्यांना बाहेर काढलं. रॉकेलात बुडवलेल्या चिंध्यांनी नट न् नट पुसला, पितळी रेडिएटर चिंचेनं घासला, कुरतडलेल्या वायरींवर मेणकापड गुंडाळलं. हे लिहितानाही खांदे भरून येतात. त्या दिवशी तर दुपारपर्यंत माझे हात माझेच आहेत का, ते मी दोनदा बघून घेतलं.

आतल्या गाद्या राहिल्या होत्या. भट्टीच्या धगीनं त्यांचं चामडं वाळून तडकलं होतं, बसलं की पापडासारखं वाजायचं. आता चामड्याचं मला एकच ज्ञान. विहिरीवर पाणी ओढायची मोट कातड्याची. ती तडकली की तिला करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोळायचं. मालकांच्या विहिरीवर तेलाचा डबा होताच. मी अर्धा डबा गाद्यांना पाजला. त्या अशा मऊ झाल्या, की हात ठेवला तर परत मिळेल की नाही अशी शंका यावी.

संध्याकाळी बोट लावून बघितलं तर तेल तसंच वर. तेव्हा आठवलं, की मोट तेल चोळल्यावर दोन दिवस उन्हात टांगतात. मोटार कुठं टांगू? कोंडा टाकून पुसलं, चिंध्यांनी पुसलं, माझ्या सदऱ्यानं पुसलं. तेल हसत होतं. शेवटी माझं स्वतःचं घोंगडं मागच्या गादीवर अंथरलं आणि पहाटे निघालो.

सांगलीला मुलाचे वडील बाहेर आले. धोतर पांढरंशुभ्र, कोट त्याहून पांढरा. आत बघून थबकले.

"घोंगडं कशापाय रं?"

"आवं, मानाचं पावणं तुमी. आमच्या माणात मोठ्या मानसाला घोंगड्याबिगर बसवत न्हाईत."

यात खोटं काही नव्हतं. ते खूश होऊन बसले, शेजारी मुलगा बसला, आणि आम्ही निघालो. कराडपर्यंत ऊन चढलं, भट्टी तापली आणि करंजाचा कडू वास गाडीभर उठला. मी आरशात बघत होतो. पावण्यांनी नाक फेंदारलं. घोंगड्याचं टोक उचललं. चामड्यावर अंगठा दाबला, अंगठा हुंगला, धोतराचा काठ बघितला. माझ्या रजेचा एकेक दिवस खिडकीतून बाहेर पडताना मला दिसत होता.

मालकांच्या घरी मुलगी पसंत पडली. साखर वाटली. मुलाची रजा संपायच्या आत लग्न उरकायचं ठरलं. मी दारात उभा राहून जरा श्वास सोडला, तोच मुलाचे वडील म्हणाले, "व्याही, एक मागनं हाय."

बैठक गार पडली. मालकांचं तोंड उतरलं. आता काय मागतोय हा माणूस?

"ह्यो तुमचा डायवर आठ दिस द्या मला. माझ्या गाडीचं चामडं भुईवानी भेगाळलंय. ह्यानं मोटंचं त्याल लावलंय, मला कराडातच वळकलं. माझं धोतर गेलं, पर गादी लोन्यागत झालीया गड्या!"

मालक एवढे मोकळे हसले, की छतावरची कबुतरं उडाली. "आठ काय, धा दिस न्या की!"

मी पुढं झालो. "मालक, ती माझी रजा..."

त्यांनी मला बाजूला घेतलं. "आरं, पोरीच्या सासऱ्याला पयल्याच दिशी न्हाई म्हनू व्हय मी? तूच सांग."

मी भट्टीत कोळसा टाकायला वळलो. मला स्वतःला मुलगी होती.

सांगलीला दहा दिवस मी विटांवर उभी असलेली, कुठंही न जाणारी मोटार पुसली. तिच्या इंजिनात कोळसा नव्हता, पण कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती उठेपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही, असं घरच्या बाईंनी बजावलं. मग लग्न आलं, वरातीच्या फेऱ्या आल्या. शेवटी मला घरी जायला तीन दिवस मिळाले.

पोहोचलो तेव्हा पोर रांगत दारापर्यंत येऊ लागली होती. बायकोनं मला नखशिखांत बघितलं, पाण्याचा तांब्या दिला आणि पोर मांडीवर आणून ठेवली.

"धरा. आन झोपू नका."

"न्हाई झोपत," मी म्हणालो. पोरीनं माझी मिशी मुठीत धरली. तिनं ती सोडायच्या आत मला झोप लागली.