चिंच दाखवणारी बाई

शेवटच्या सांजेला मी बायकोला दहीभात भरवला. औषधानं तिची लाळ आटली होती. शितं दाताला चिकटायची, तिला लाज वाटायची.

हिंगोलीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एका बाईचा नवरा होता, त्याचं तोंड बी तसंच कोरडं. ती पदरातली चिंच काढून आमच्यापुढं मिटक्या मारू लागली.

"काहून चिडवून राहिली, माय?"

"चिडवत न्हाई, दादा. तोंडाला पाणी सुटलं की दात आपोआप धुऊन निघतात."

तसंच झालं. बायको दात दाखवून हसली.

रात्री बायको गेली. ती बाई माझ्यापाशी बसून राहिली. नाव इचारायचं राहिलंच.

सकाळी माझं पोरगं मयत न्यायला गाडी आणायला गेलं, बाईचा डोळा लागला. तिचा नवरा आपल्याच हातानं खात होता, त्याच्या दाताला घास चिकटला. मयत उचलायच्या आधी घरच्यानं काही खाऊ न्हाई म्हणत्यात. मी बाईच्या उशाशी पडलेली चिंच घेतली, त्याच्यापुढं बसून मिटक्या मारत खाल्ली.