सगुणाबाईंचं नाटक

सगुणाबाई शाळेतल्या सगळ्यांना अहोजाहो करायच्या. पहिलीतल्या शेंबड्या पोरीलासुद्धा "अहो कृष्णाबाई, नाक पुसा बघू," म्हणायच्या. शाळा झाडायला येणाऱ्या बाईलाही तसंच. सोलापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत मी नवी मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा मला याचं हसू येई. एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "घरी यांना कुणी अहो म्हणत नाही. पुढंही कुणी म्हणेल असं नाही. हितं तरी ऐकू द्या की."

त्या अक्कलकोटकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या. भावाच्या घरी राबत राबत शिकलेल्या. वर्गात अगदी शुद्ध बोलायच्या, पण मन हललं की गावाकडची बोली आपोआप जिभेवर यायची.

एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतः एक नाटक लिहिलं. गोष्ट साधीच होती. भर उन्हात एक बाई मोठ्या घराच्या दाराशी येते आणि घोटभर पाणी मागते. मालक म्हणतो, हे बायकांचं काम. मालकीण म्हणते, सुनेला सांगा. सून म्हणते, मोलकरणीला. अशी टोलवाटोलवी चालू असतानाच बाई पायरीवर प्राण सोडते. मग धर्मराज येतो आणि एकेकाला विचारतो, "पाणी देणं कुणाचं काम होतं?"

भूमिका वाटल्या तेव्हाच कुजबुज सुरू झाली. मालकिणीचं काम बाईंनी लक्ष्मीला दिलं. लक्ष्मी विणकराच्या घरातली; तिची आई नरसम्मा गिरणीत कामाला होती. आणि तहानलेली बाई व्हायची होती कमल, आमच्या शाळेच्या मंडळातल्या वकीलसाहेबांची मुलगी. तालमीच्या पहिल्या दिवशी लक्ष्मी खुर्चीशी नुसती उभीच राहिली. "बाई, मी खरंच बसू?" तिनं विचारलं.

"बसा की! मालकीण तुम्ही. जरा रेलून बसा."

उलट कमलला पायरीवर बसायला आवडलं नाही. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हितनं घर कसं दिसतंय, ते बघा आधी. मग बोला."

संमेलन दुपारी, शाळेच्या अंगणात होतं. पुढं खुर्च्यांवर मंडळी बसली, मागं जमिनीवर पोरींच्या आया. नरसम्मा गिरणीतून तशीच आली होती. हातात डबा आणि पाण्याचा तांब्या. नाटक रंगलं. लक्ष्मी माझं रेशमी लुगडं नेसून अशी ठसक्यात "आम्हाला वेळ नाही" म्हणाली, की खुर्च्यांवरही हशा झाला. कमल पायरीवर कोसळली.

तेवढ्यात मागून नरसम्मा उठली. वाट काढत सरळ रंगमंचावर चढली, कमलचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या ओठांशी धरला.

हसू थांबलं. अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की वकिलांच्या घरात विणकराच्या हातचं पाणी चालत नाही. कमलनं डोळे उघडले. समोर खुर्चीत वडील होते, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. आणि घटाघटा पाणी प्यायली.

पडद्याआड पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली पोर बाईंना विचारत होती, "बाई, मी जाऊ आता?"

"नको," बाई म्हणाल्या. "धर्मराजाचं काम उरलं न्हाय." आणि त्यांनी पडदा पाडला.

मी नंतर नरसम्माला म्हटलं, "अहो, नाटक होतं ते."

"नाटक हाय ते कळत न्हाय व्हय मला?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण माझी लक्ष्मी न्हाय म्हणाली ना, बाई. माझ्या डोळ्यांदेखत न्हाय म्हणाली."

चार दिवसांनी मंडळाची बैठक झाली. कमलच्या हातून चूक झाली, असं बाईंनी सगळ्या शाळेसमोर सांगावं, एवढीच मागणी होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "तहानलेल्यानं पाणी पिलं, ही चूक कशी, ते मला शिकवता येणार न्हाय." त्यांची नोकरी गेली. वकीलसाहेबांनी कमलचं नावही शाळेतून काढायचं ठरवलं.

मंद्रूपला मुलींचा एक लहानसा वर्ग होता, तिथं बाईंना काम मिळालं. मी त्यांना मोटारीवर पोचवायला गेले. वळकटी टपावर चढली, बाई खिडकीशी बसल्या. तेवढ्यात एक टांगा येऊन थांबला. आतून वकीलसाहेबांच्या पत्नी उतरल्या. सोबत कमल होती. त्या घरच्या पुरुषाशिवाय कधी रस्त्यावर दिसायच्या नाहीत. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"कमल शाळेत जाणार आहे. मी त्यांना सांगितलंय." मग जरा थांबून, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, "मी सांगितलं, बाई. तोंडावर."

 सगुणाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्या माउलीचा हात घट्ट धरून ठेवला. नोकरी गेली त्या दिवशीही न रडलेल्या बाई तिथं, भर स्टँडवर, पोरीसारख्या रडल्या. मोटार हलली तेव्हा कमलची आई हात न सोडता दोन पावलं तिच्याबरोबर चालली.