मंगळवारची बैठक

रोज सकाळी ती दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून घ्यायची आणि कापडावर खुणा करायच्या खडूने बाटलीवर दुपारपर्यंतची रेघ ओढायची. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिला तेवढंच पाणी चालायचं. घरी शिलाई मशीनवर बसली की ती अवाक्षर काढत नसे. मंगळवारी मात्र डायलिसिसच्या रुग्णांच्या बैठकीला ठेवणीतली साडी नेसून जायची. त्या बैठकीचं नाव काढलं तरी नळदुरुस्ती करणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या मस्तकात तिडीक जायची.

एकदा तो तिला न्यायला लवकर पोहोचला, तर दारातच तिचा आवाज कानावर आला.

"मरणाची भीती वाटते म्हटलं, की आमचे हे पाना उचलून लोकांचे नळ आवळायला पळतात."

"आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढतो!" एक म्हातारी म्हणाली, आणि सगळे खदखदून हसले.

तो तणतणत आत शिरला. "घरची लक्तरं इथे टांगतेस? ऊठ. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही."

"घरी बोलून बघितलं. तुम्ही खाली थांबा, माझा अर्धा तास बाकी आहे," ती म्हणाली, आणि उठली नाही.

त्यानंतर दर मंगळवारी तो फाटकापाशी थांबायचा. तिथल्या कुणी नमस्कार केला तर मान फिरवायचा. दीड वर्षाने ती बैठकीच्या त्याच खोलीत कोसळली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. त्या मंगळवारीही तो घुश्शातच उभा होता. जिना चढता चढता ती वळून म्हणाली होती, "सावलीत उभे राहा. डोकं दुखलं की मलाच ऐकवाल."