उसनं नाक

नदीवरच्या बोटवाल्याचा एक नेम होता. इंजिनावरचं लाकडी झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा, मग चार मिनिटं पंखा लावून आतली हवा बाहेर काढायची, गिअर न्यूट्रलला आहे ना बघायचं, आणि मगच किल्ली फिरवायची. "पेट्रोलची वाफ जड. तळाशी दबा धरून बसते. एक ठिणगी पुरते तिला," असं तो घाई करणाऱ्या उतारूंना सांगायचा. बावीस वर्षांत हे त्याने एकदाही चुकवलं नव्हतं.

यंदा तापाने त्याला पंधरा दिवस अंथरुणाला खिळवलं. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण, लसूण, पेट्रोल, सगळं एकच. बोट हातची जाईल या भीतीने त्याने बायकोलाही कळू दिलं नाही. रोज झाकण उघडून वाकायचा, पण ते नुसतं नाटक.

एका सकाळी बायकोला पलीकडे बहिणीकडे जायचं होतं. नर्सबाई, एक मास्तर आणि पोस्टमन आधीच बसले होते. तो वाकला, उठला आणि पंख्याच्या बटणाकडे त्याने हात नेला.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "केवढा वास येतोय पेट्रोलचा."

हात तिथेच थबकला. बटणाची ठिणगीही पुरली असती. "सगळे उतरा," तो म्हणाला. "सावकाश. कोणी काही पेटवू नका."

नळी चिरली होती. इंजिनाखाली पेट्रोल साचलं होतं.

धक्क्यावर सगळ्यांसमोर त्याने खरं सांगून टाकलं. मान वर होत नव्हती.

"तापानंतर होतं असं," नर्सबाई म्हणाल्या. "कधीकधी वास परत येतोही. पण सांगायला हवं होतं तुम्ही."

घरी आल्यावर तो म्हणाला, "बोट विकून टाकू."

"कशाला? हात तुमचे धड आहेत. नाक माझं घ्या. नाहीतरी सगळीकडे खुपसते म्हणता ना?"

किती दिवसांनी तो हसला.

नळी बदलली. बायको रोज येऊ लागली. आधी फक्त वास घ्यायला, मग गिअर शिकली, मग सुकाणू. वर्षभरात तिने परवानाही काढला.

तिच्या पहिल्या फेरीला मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "वहिनी, उशीर होतोय."

"होऊ दे," म्हणत तिने चार मिनिटं पुरी मोजली. मग किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्याने दोर सोडला. बोट पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो धक्क्यावर उभा राहिला आणि मग निवांत चहा प्यायला गेला.