मशीनच्या पोटातले पंधरा हजार

शनिवारी संध्याकाळी आमच्या निर्मळ गावाहून एव्हरशाईन सिटीतल्या बँकेच्या एटीएमवर जाताना वडील स्कूटरवर माझ्या मागे बसले होते आणि रस्ताभर एकच म्हणत होते, "मी मुंबईला जातो. हातात दिलेलं बरं."

आई मुंबईच्या हॉस्पिटलात होती, दादा तिच्याजवळ. मधुमेहाने तिच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा हजार आगाऊ भरा, रविवारी सकाळी बोटं काढू. उशीर झाला तर पायच जाईल.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो, त्यामुळे शहाणपण उतू जात होतं. दादाचं नि माझं खातं एकच, कार्डं दोन. इथे पैसे टाकले की तिथे दादा पाच मिनिटांत काढेल, असं मी वडिलांना ठणकावून सांगितलं. केळी आणि फुलं विकून साठवलेले पैसे त्यांचे, पण माझ्या तोंडापुढे त्यांचं काही चाललं नाही.

तेव्हाची मशिनं नोटा मोजत नसत. पाकिटात रोकड घालायची, वर रक्कम लिहायची आणि फटीत सरकवायचं. मी आकडा लिहिला. वडिलांनी पाकीट भरून चिकटवलं, कपाळाला लावलं. पावती आली. त्यावर पंधरा हजार छापलेले बघून मी खूश.

रात्री दादाचा फोन आला, खात्यात काहीच नाही. येतील, थोडं थांब, असं मी सांगत राहिलो. रविवारी तो दिवसभर मशीनपाशी खेपा घालत होता. आम्ही गावात चार घरी हात पसरला, तीन हजारही जमले नाहीत.

सोमवारी बँक उघडली तेव्हा आम्ही दारातच होतो. बराच वेळ ताटकळत ठेवल्यावर क्लार्कने पाकीट आणलं. आकडा जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलंय, असं म्हणून त्याने नोटांशेजारी रुपयाचं नाणं ठेवलं. शुभाचं पाकीट वर रुपया घातल्याशिवाय बंद करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बायको बरी होऊन घरी येणार, म्हणून वडिलांनी तो घातला होता.

पैसे घेऊन ते दुपारी हॉस्पिटलात पोचले. संध्याकाळी आईचा पाय गुडघ्याखाली कापला.

आई पुन्हा वाडीत फुलं खुडायला गेली नाही. वडील त्यानंतर बारा वर्षं जगले आणि येईल-जाईल त्याला सांगत राहिले, "माझ्या रुपयाने तिचा पाय नेला."

रुपयाने फार तर तासभर खाल्ला होता. पाकिटं बँक उघडल्यावरच मोजली जातील, असं मशीनवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि ते मी शनिवारीच वाचलं होतं. एवढं त्यांना सांगायची हिंमत मला बारा वर्षांत झाली नाही.