तेरड्याची करवत

निवृत्त झाल्यावर माणसाला सत्काराखेरीज कुणी बोलावत नाही. म्हणून कर्जतच्या आमच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "शाल आहे का?"

पलीकडे माझी जुनी विद्यार्थिनी होती. कशेळ्याकडची, भातशेतीच्या घरातली. आता तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवते. "शाल नाय सर," ती म्हणाली, "धूळ हाय. मास्क घेऊन या."

धूळ हर्बेरियमच्या कपाटांतली होती. वर्षानुवर्षं मुलांनी आणलेली रोपं आम्ही रद्दीत दाबून वाळवायचो, जाड कागदावर दोऱ्याने टाचायचो आणि कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायचो: झाड कोणतं, कुठे मिळालं, कधी. ती आता एकेक कागद कॅमेऱ्याखाली ठेवून फोटो काढत होती आणि चिठ्ठ्यांवरचा मजकूर संगणकात भरत होती. फुलं पूर्वी कधी येत आणि आता कधी येतात, हे त्यातून काढायचं होतं. चिठ्ठ्यांवरचं अक्षर बरंचसं माझं. ते माझ्याखेरीज कुणाला लागत नाही, म्हणून माझी गरज.

घाईचं कारण मात्र वेगळं होतं. प्राचार्यांना ती खोली मीटिंग हॉलसाठी हवी होती. वार्षिक समारंभापर्यंत कपाटांतून काही 'ठोस' निघालं तर कपाटं राहतील, नाहीतर गोदामात जातील. आमच्या गोदामावर पत्रा आहे, पण सगळीकडे नाही.

ठोस निघालं. सगळ्यांत जास्त कागद तेरड्याचे होते, जवळजवळ प्रत्येक वर्षाचे. तिने त्यांच्या तारखांचा आलेख काढला आणि त्यात तारखा चांगल्याच हललेल्या दिसल्या. ती पुढचं काही बोलण्याआधीच प्राचार्यांनी बॅनर छापून घेतला: 'हवामान बदलाचा थेट पुरावा'. शेजारी तेरड्याचा फोटो आणि त्याहून मोठा प्राचार्यांचा.

मला तो आलेख पाहून बरं वाटेना. दोन-तीन वर्षं तारीख मागे सरकायची, मग एकदम पुढे उडी. पुन्हा मागे, पुन्हा उडी. करवतीचे दाते जसे.

"तेरडा इतका शिस्तीचा कधीपासून झाला गं?" मी विचारलं.

तिने पडद्यावरच्या दात्यांवरून बोट फिरवलं. मग तिने कपाळावर हात मारला. "सर, आमच्याकडं तेरडा घरात कधी येतो?"

"कधी?"

"गौरीला! तेरड्याचीच तर गौर असते. आमी पोरी गौर आणायला ओढ्यावर जायचो. चार रोपं देवीला, एक तुमाला. फुकटात प्रॅक्टिकल व्हायचं!"

आम्ही जुनी पंचांगं धुंडाळली. बहुतेक सगळ्या तारखा गौरीच्या आसपासच्या निघाल्या. अधिक महिना आला की करवतीचा दाता पुढे उडी मारत होता. म्हणजे इतकी वर्षं आमच्या कॉलेजने तेरड्याचा नव्हे, चंद्राचा अभ्यास केला होता, आणि चंद्र नियमित असल्याचं अगदी निर्विवाद सिद्ध केलं होतं.

बॅनर वाचून टाळ्याच वाजणार होत्या, तारखा कुणी तपासणार नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कपाटं राहिली असती. मी पंचांगं आवरून घरी गेलो. कपाटं तिची, नोकरी तिची. सल्ला देणं मला फुकट होतं, म्हणून दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तिने तेरड्याचे सगळे कागद पुन्हा टेबलावर पसरलेले. या वेळी ती चिठ्ठ्यांकडे बघतच नव्हती, भिंग घेऊन झाडांकडे बघत होती. "तारीख गौरीनं ठरवली सर, पण त्या तारखेला झाडावर कळी होती का शेंग, ते काय गौरीनं ठरवलं नाय!" साधारण एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात. ती तशा एकाच तारखेच्या कागदांच्या जोड्या लावत होती.

समारंभात ती त्या बॅनरखाली उभी राहिली आणि बॅनर चूक आहे म्हणून सांगितलं. मग गौरीची गोष्ट सांगितली. आधी मागे बसलेल्या आया हसल्या. पाहुण्यांना कळायला जरा वेळ लागला. नंतर तिने पडद्यावर दोन कागद शेजारी शेजारी दाखवले. खालापूरकडच्या एकाच ओढ्यावरचे, एकोणीस वर्षांच्या अंतराने, तारीख जवळपास तीच. जुन्या कागदावर कळ्या आणि नुकती उमललेली फुलं. नव्यावर शेंगा, त्यातल्या काही फुटून वळलेल्या, बिया कागदाला चिकटलेल्या; म्हणजे फुलं आधीच येऊन गेलेली.

"दोन कागदांवरून मी काही सिद्ध करणार नाही," ती म्हणाली. "पण प्रश्न आता बरोबर आहे. बाकीच्या जोड्या कपाटात आहेत."

प्राचार्यांनी हसऱ्या चेहऱ्याने माइक हातात घेतला. "किती दिवस लागतील मॅडम, ती खोली रिकामी व्हायला?"

"एकोणीस वर्षं, सर. या वर्षीच्या गौरीची जोडी लागायला."

हॉलमध्ये हशा पिकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा प्राचार्यांनाही वाजवाव्या लागल्या. माणसाने भर सभेत टाळ्या वाजवल्या की त्याला कपाटं गोदामात पाठवणं अवघड जातं. मीटिंग हॉल आता वरच्या मजल्यावर झालाय.

मी आयुष्यभर मुलांना झाडाकडे बघा म्हणून सांगत आलो. त्या दिवशी एकीने भरल्या हॉलला बघायला लावलं. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या गृहस्थांनी पाणी हवंय का विचारलं.

आता तिची मुलं जुलैपासून दर आठवड्याला त्याच ओढ्यावरून तेरडा आणतात, गौर येवो न येवो. बॅनरही वाया गेला नाही. त्याची कोरी बाजू वर करून आम्ही तो कॅमेऱ्याखाली अंथरलाय. फोटोला मागून छान पांढरं येतं.